विमानाला लावलेलं उरेब कापड

फवारणीचं ड्रोन सोनाळ्यात पहिल्यांदा आलं तेव्हा मी दुकान बंद करून बघायला गेले होते. तुरीचं शेत, बांधावर अर्धं गाव. ड्रोन चालवणारी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, कामाला चोख. तिला विचारलं, हातातलं सोडून दिलं तर काय होतं?

"काईच नाई काकू, जागच्या जागी उभं राह्यते." तिनं दोन्ही हात सोडून दाखवले. खरंच उभं राहिलं.

मी परत येऊन दुकान उघडलं. हात सोडला तरी जे पडत नाही, ते चालवण्यात मला काही राम वाटला नाही. पंखांवर उडणारं काहीतरी स्वतः बांधावं, हे मात्र तिथून डोक्यात बसलं ते बसलंच.

मी बायकांचे कपडे शिवते, मुख्यतः ब्लाउज. तीस वर्षं तेच काम. शेजारी नवऱ्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून घ्यायला त्याच्याकडे येतात. दोन दुकानांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी आहे. चहा, पक्कड आणि टोमणे तिच्यातूनच इकडून तिकडे जातात.

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा संच जळगाव जामोदहून बसनं आणला. खोक्यात विमान नव्हतं. बाल्सा लाकडाच्या पातळ पाट्या होत्या, त्यांत भाग आखून कापलेले. लाकूड इतकं हलकं की पंखा चालू केल्याबरोबर दोन तुकडे उडून शिलाई मशीनखाली गेले. दोन पंखांचं विमान होतं, एक वर आणि एक खाली, मध्ये छोटे खांब. सगळे जाणकार इंटरनेटवर सांगत होते की पहिलं विमान फोमचं घ्यावं, एकाच पंखाचं, पडलं तरी न तुटणारं. मला ते नको होतं.

नवऱ्यानं खिडकीतून चित्र बघितलं. "दोन पंख कायले पाह्यजे? एकानं भागत नाई का?"

"तुमच्या मोटारीले तीन फेज कायले लागतात?"

तो हसला आणि सोल्डरिंगचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं. मोटर, बॅटरी, पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी, सगळ्या वायरी त्याच्या. लाकूड आणि कापड माझं.

संक्रांतीनंतर रोज दुपारी दोन तास मी कटिंगच्या टेबलावर विमान घ्यायचे. सोबतच्या पुस्तिकेतली चित्रं ब्लाउजच्या खाक्यापेक्षा अवघड नव्हती. फक्त संच बनवणाऱ्यांनी ते विमान डांबरी धावपट्टीसाठी काढलं होतं. चाकं चहाच्या बशीएवढीसुद्धा नाहीत, बाटलीच्या बुचाएवढी. आमच्याकडे उडवायला जागा म्हणजे गावाबाहेरची ई-क्लास जमीन, गुरं चरायची सरकारी पडीक, मुरमाड आणि गोट्यांची. ती चाकं मी काढून टाकली. रबरी चपलेच्या तळव्यातून मोठी चाकं कापली, पायांना सायकलचे स्पोक वाकवून लावले. शेपूट जड झाली तेव्हा नाकात मशीनच्या लोखंडी बॉबिन भरल्या, वरच्या पंखाखाली दोन बोटांवर तोलून विमान सरळ राहीपर्यंत. पाच बॉबिन लागल्या.

संचातला प्लास्टिकचा चकचकीत कागदही मी वापरला नाही. तो प्रवासात दुमडून आला होता आणि घड्या जाईनात. माझ्याकडे पातळ अस्तराचं कापड होतं, इस्त्री फिरवली की आक्रसणारं. ते पंखाच्या सांगाड्यावर चिकटवायचं, इस्त्रीनं ताणून घ्यायचं, वरून फर्निचरचा पातळ लॅकर मारायचा. पंखांची टोकं गोल होती. गोलाईवर कापड चुण्या न पडता बसवायचं तर शिंपी ते उरेब कापतो, म्हणजे धाग्याला तिरकं. ब्लाउजच्या गळ्याची पट्टी तशीच कापतात. मी विचारसुद्धा केला नाही. हातानंच कात्री तिरकी धरली. आणि उरेबात कापड वाया फार जातं, म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं, एकमेकांत बसवून काढले. चिंधीएवढंच कापड उरलं. मला समाधान वाटलं. कापड बसलंही असं की एक सुरकुती नाही.

आमच्या गल्लीतली एक जुनी गिऱ्हाईक बाई रोज चौकशीला यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या भाचीचं लग्न होतं.

"काय वं, माह्या बिलाउजाले मुहूर्त हाय का नाई? का इमानालेच शिवून राह्यली?"

"त्याचं माप घ्यावं लागत नाई. तुम्ही दर महिन्याले वाढता."

"वाढन तर काय, तुही वाट पाहण्याबिगर दुसरा धंदाच नाई मले. बसते अन् खाते."

उडवण्याचा सराव मी लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर केला. रिमोट वायरनं जोडायचा आणि पडद्यावरचं विमान चालवायचं. पहिल्या आठवड्यात मी किती विमानं पाडली ते मोजलं नाही. नवऱ्यानं दोनदा हातात घेतलं आणि सोडून दिलं. त्याचं मत, खरं विमान हातात आलं की आपोआप जमेल.

फाल्गुनातल्या एका सकाळी पोलीस पाटलांना सांगून आम्ही ई-क्लासवर गेलो. उत्तरेला सातपुडा, वारा जवळपास नाही. मी पॉवर दिली. चपलेची चाकं गोट्यांवरून उड्या मारत गेली आणि विमान उचललं. उचललं आणि लगेच डावीकडे कललं. मी रिमोटची दांडी उजवीकडे दाबली. कलतच राहिलं. अजून दाबली, पार टोकापर्यंत. डावा खालचा पंख जमिनीला टेकला आणि विमान कोलांट्या खात गोखरूत जाऊन पडलं. सगळं मिळून दहा सेकंदसुद्धा नसतील.

नवरा तुकडे गोळा करताना म्हणाला, "तू डाव्या अंगाले दाबलं."

"मी उजव्या अंगालेच दाबलं."

"मंग डावीकडं काऊन पडलं?"

"तेच पाहून राह्यली मी."

घरी येऊन त्यानं एकेक वायर तपासली. झडपा बरोबर हलत होत्या, उजवीकडे दाबलं की उजवीकडे. "माह्या कामात दोष नाई," त्यानं खिडकीतून जाहीर केलं. "घाबरली तू. होते असं. पुढच्या खेपेले रिमोट माह्या हातात देजो."

मी घाबरले नव्हते. दांडी उजवीकडे टोकापर्यंत दाबून माझा अंगठा दुखत होता, हे मला ठाऊक होतं. पण दुखरा अंगठा काही पुरावा होत नाही. चार दिवस आम्ही याच एका गोष्टीवर भांडलो. पहिल्या दोन दिवसांत आवाज होता, नंतरच्या दोन दिवसांत फक्त चहाचा कप खिडकीत आदळायचा.

पाचव्या दिवशी दुरुस्तीला बसले. वरचा पंख जवळजवळ शाबूत होता. तो सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवला आणि माप आखायला लागले, तर आखायचा चपटा खडू घरंगळून पंखाच्या मागच्या कडेखाली गेला. जिथं कड टेबलाला टेकायला हवी, तिथं खडू सरळ आत. मला वाटलं टेबल वाकलंय. पंख टोकाकडून टोकाकडे फिरवून ठेवला. फट पंखाबरोबर फिरली. मग दुसरं टोक पाहिलं. तिथं मागची कड टेकलेली आणि पुढची कड उचललेली. म्हणजे सगळा पंख पिळल्यासारखा झाला होता, एक बाजू वर ढकलणारी, दुसरी खाली. कापड लावण्याआधी हाच सांगाडा याच टेबलावर तपासला होता. तेव्हा सरळ होता.

त्या फटीत खडू आत-बाहेर करत मी बराच वेळ उभी राहिले. मग कळलं. उरेब कापड तिरकं ओढतं. इस्त्रीनं आक्रसल्यावर अजून ओढतं. ब्लाउजमध्ये डावी-उजवी बाजू घडीवर कापतात, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याचा आरसा होतो आणि ओढ सारखी राहते. मी कापड वाचवलं होतं. सगळे तुकडे एकाच दिशेनं तिरके, म्हणून सगळी ओढ एकाच दिशेची, आणि पंख पिळला गेला. शिवण शिकायला आलेल्या नव्या मुलीनं अशी चूक केली नसती. तिला उरेब कापता आलं नसतं.

नवऱ्याला बोलावलं. त्यानं खडू स्वतः सरकवून पाहिला, दोनदा.

"म्हंजे चूक तुह्याच हातची."

"हो. पण कात्रीवरच्या हाताची. रिमोटवरच्या नाई."

"हे कोण सांगन? पंख वाकडा होता हे खरं. तू डावीकडं दाबलं नसन, हे कशावरून?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी म्हटलं, "पंख सरळ करते. मंग मीच उडवन. सरळ पंखाचं विमान माह्या हातून पडलं, तर रिमोट तुमचा. कायमचा. मी शिवीन, तुम्ही उडवा."

"पक्कं?"

"पक्कं."

आधी मी सोपा रस्ता करून पाहिला. पंख उलट्या बाजूला पिळून धरला आणि वरून गरम इस्त्री फिरवली. सरळ झाला. तिसऱ्या दिवशी खडू पुन्हा आत गेला. मग ब्लेड घेतलं आणि चारही बाजूंचं कापड सोलून काढलं. लॅकर लाकडात मुरला होता, त्याबरोबर सांगाड्याच्या दोन लाकडी बरगड्याही निघाल्या. त्या नव्या कापल्या. मोडलेल्या टोकाच्या पाच कापल्या. खांब दोन.

या वेळी कापड घडीवर ठेवलं, उभा धागा पंखाच्या लांबीला धरला. जोडीजोडीनं कापलं, वाया गेलं ते गेलं. गोल टोकांवर चुण्या आल्या. तिथं बारीक कातरे दिले आणि एकावर एक चिकटवलं. दिसायला पहिल्याइतकं सुरेख नव्हतं. वरून थोडी इस्त्री, खालून थोडी, पुन्हा वरून. लॅकर वाळेपर्यंत पंख टेबलावर दाबून ठेवायचा होता आणि माझ्या दोन इस्त्र्या पुरेनात. नवऱ्यानं खिडकीतून जळक्या मोटारींच्या लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे दिले.

"सारख्या ठेवजो. एका अंगाले वजन झालं तर अजून वाकन."

आठवडाभर रोज सकाळी खडू लावून पाहिला. आत गेला नाही. संध्याकाळी लॅपटॉप. पडद्यावरचं विमान समोरून आपल्याकडे येतं तेव्हा सगळं उलटं होतं. त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. इथंच लोक चुकतात म्हणे. मला ते आधीपासून जड गेलं नव्हतं. कपडा उलटा करून शिवताना डावी बाही उजव्या हाताला येते, आणि मी आयुष्यभर उलट्या बाजूनंच शिवत आलेय.

चैत्रात दुसऱ्यांदा गेलो. गिऱ्हाईक बाईही आली. कोणत्या सवतीपायी तिचा ब्लाउज रखडलाय, ते तिला पाहायचं होतं.

"पडलं तर माहा बिलाउज आजच शिवजो," ती म्हणाली. "मोकळीच राह्यशीन तू."

नवरा रिमोटकडे बघत माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला. विमानाकडे त्याचं लक्ष नव्हतं. माझे अंगठे कुठं जातात तेवढंच त्याला पाहायचं होतं. मी म्हटलं, पाहा.

पॉवर दिली. गोट्यांवरून उड्या, शेपूट वर, मग जमीन सुटली. मी कलण्याची वाट पाहिली. कललं नाही. विमान सरळ सातपुड्याकडे चढत गेलं. जरासं उजवीकडे सरकत होतं, ते रिमोटवरच्या छोट्या बटणानं दोन टिचक्यांत बसलं. डावीकडे वळवलं, डावीकडे वळलं. उजवीकडे वळवलं, उजवीकडे वळलं. आमच्याकडे तोंड करून आलं तेव्हा नवरा माझ्या अंगठ्यांवर वाकला. मी बाही उलटी धरली आणि ते डोक्यावरून गेलं.

"अवं, शिलाई दिसते की खालून!" बाई ओरडली.

शिलाई नव्हती, चुण्या होत्या. उत्तर द्यायला सवड नव्हती, कारण ऊन चढलं होतं आणि वारा सुटायला लागला होता. चौथ्या फेरीला उतरवायला घेतलं. पहिल्या वेळी फार उंच आलं, तर पुन्हा पॉवर देऊन वर नेलं. नवरा म्हणाला, "दे इकडं." मी दिलं नाही. दुसऱ्या वेळी नाक वाऱ्याकडे धरलं, पॉवर थोडी थोडी कमी केली. चाकं टेकली, एका गोट्यावरून विमान गुडघाभर उसळलं, पुन्हा टेकलं, धावलं आणि थांबलं. उजव्या पायाचा स्पोक वाकला होता. बाकी काही नाही.

नवरा चालत गेला आणि विमान उचललं. शेपटीकडून डोळ्यासमोर धरून आधी वरचा पंख पाहिला, मग खालचा, मोटारीचा दांडा पाहतो तसा एक डोळा मिटून.

"सरळ हाय," म्हणाला. विमान माझ्या हातात देत म्हणाला, "उजवीकडंच दाबलं असन तू. तवा."

"हो."

"आता एक चक्कर मले देतं का?"

"आंधी लॅपटॉपवर पन्नास वेळा उतरवा. न पाडता."

"अन् माहा बिलाउज?" बाईनं विचारलं.

बॅटरीत अजून थोडा दम होता. पायाचा स्पोक हातानं सरळ केला आणि दुसरं उड्डाणही मीच केलं. ब्लाउज दुपारी शिवला. गळ्याची पट्टी उरेबच लावली. तिथं उरेबच लागते.