चुकीची माहिती

माझी बायको साखर वाढून गेली नाही, उतरून गेली. भेटायला येणारे विचारतात, "साखर फार चढली होती काय हो?" पहिल्यांदा मी समजावत बसायचो, की पोटात अन्न नसताना साखर उतरवायची सुई दिली तर साखर खाली जाते, माणूस घामाघूम होतो, थरथरतो आणि मग त्याला उठवता येत नाही. आता समजावत नाही. चढली होती म्हणतो आणि चहा ठेवतो.

आमचं गाव पोलादपुरावरनं घाटाच्या अंगाला वर. दोन खाचरं भाताची, बाकी डोंगरउताराचं वरकस, नाचणी वरीपुरतं. गवत कापताना तिच्या पायाच्या बोटाला कोयता निसटून लागला. साखरेमुळे जखम भरेना, बोट काळं पडायला लागलं. पोलादपूरच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्याचं नाव मी घेत नाही. त्याच आवारात चार तऱ्हेच्या शाळा आहेत. डॉक्टरची, नर्सची, औषधवाल्यांची आणि हातपाय चालवायला लावणाऱ्यांची, त्यांना फिजिओ म्हणतात. सगळ्यांची पोरं आमच्या खाटेपाशी येऊन शिकायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "ही शाळा हाय का दवाखाना?"

मी म्हटलं, "दोन्ही हाय. तू फळा. गप पड."

ती हसली. पण दोन दिवसांत कंटाळली. एक पोरगा यायचा, नाव गाव वय विचारायचा, कागदावर लिहायचा, जायचा. मग दुसरी पोरगी यायची आणि तेच विचारायची. "रेशनची दुकानं परवडली," ती म्हणाली. "यांचं आपसात बोलणं नाय का गो बाई?" बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बोलत असतील, पन इंग्लिशमधी."

त्यांतली एक नर्सची पोरगी मात्र तिला आवडायची. आमच्याच बाजूची होती, आमच्यासारखं बोलायची. हिला "आये" म्हणायची. केस विंचरून द्यायची. ही मला सांगायची, "पोरगी गुणाची हाय, आपल्यात कोनी लग्नाचा हाय का बघा."

दवाखान्याचा भात तिच्या घशाखाली जाईना. चिकट व्हायचा, डाळीला चव नाही. एके सकाळी म्हणाली, "भाकरी मिळंल का कुठं? नाचनीची. वर थोडी सुकट." माझा पुतण्या बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कारखान्यात आहे. त्याची बायको चुलीवर नाही पण गॅसवर बरी भाकरी थापते. मी तिकडे गेलो. भाकऱ्या फडक्यात बांधून परत आलो तर खाटेभोवती पडदा ओढलेला आणि आत सगळी धावपळ. त्या पडद्याच्या आत मला कुणी घेतलं नाही. तिनं पुन्हा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं नाही. मशीनवर ठेवली काही दिवस, मग गेली.

काय झालं ते बाजूच्या बाईनं सांगितलं. जेवणाचं ताट आलं तसं गेलं, हिनं बोट लावलं नाही. मग ती गुणाची पोरगी सुई घेऊन आली. म्हणाली, "आये, जेवलीस का गो?" ही म्हणाली, "जेवले बाय." पोरीनं सुई दिली.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी तिथल्या एका डॉक्टर सरांचा फोन आला. वयस्कर माणूस, आवाज मऊ. म्हणाले, आम्ही चारही शाळांच्या मुलांना एका वर्गात बसवून शिकवायचं ठरवतोय, त्यासाठी धडे तयार करतोय. त्यातला एक तुमच्या मंडळींवर आहे. तुम्ही येऊन ऐकाल का, आणि चालत असेल तर सही द्याल का?

मुलगा मुंबईला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो भडकला. "बाबा, सही घेतील आणि मॅटर क्लोज करतील. जाऊ नका."

"मॅटर कवाच बंद झालंय," मी म्हटलं. "तुझी आई जाळली ना आपन?"

गेलो. मला एकच बघायचं होतं, हिच्याबद्दल काय लिहिलंय ते.

खोलीत चौघं होते. डॉक्टर सर, नर्सिंगच्या मॅडम, औषधवाले सर आणि फिजिओची एक तरुण मास्तरीण. मी गेलो तेव्हा त्यांचं वेळापत्रकावरनं चाललं होतं. औषधवाले म्हणत होते शनिवारी आमची प्रयोगशाळा. मॅडम म्हणत होत्या, आमच्या पोरींना ड्युटी असते, त्यांना काय तुमच्यासारखी सुट्टी असते का. फिजिओवाली म्हणाली, "आणि बसताना मिसळून बसवायचं हं, मागच्या वेळी तुमची डॉक्टर मुलं पुढच्या रांगा धरून बसली." डॉक्टर सर म्हणाले, "मी सांगीन त्यांना." ती म्हणाली, "मागच्या वेळीही सांगितलं होतंत."

मला वाटलं, एका वाडीत चार घरं आणि चौघांच्या चार विहिरी.

मग मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि कागद दिला. मी चौथीपर्यंत शिकलोय, मला वाचता येतं, पण बोट ठेवून. सगळे थांबले. वर लिहिलं होतं, स्त्री रुग्ण, वय, मधुमेह, पायाला जखम. नाव नव्हतं, ते बरं केलं. खाली खाली येत गेलो. ताट परत नेणाऱ्या माणसानं ताट भरलेलं बघितलं, पण ते नर्सना सांगायचं त्याचं काम नव्हतं. औषधाची मात्रा आदल्या दिवशी वाढवली, ते औषधवाल्यांच्या पोराला ठाऊक होतं. सुईनंतर फिजिओच्या पोरीनं हिला धरून चालवलं तेव्हा हिचा हात घामानं ओला होता, थरथरत होता. तिनं आपल्या कागदावर लिहिलं, थकवा. हे सगळं मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. हात थरथरत होता. बाजूच्या बाईनंसुद्धा ते सांगितलं नव्हतं.

आणि मग ती ओळ आली. रुग्णाने जेवणाबाबत चुकीची माहिती दिली.

मी विचारलं, "ह्ये कोनी लिवलं?"

"मी," नर्सिंगच्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझी बायको खोटं बोलली नाय."

"खोटं असं लिहिलेलंच नाही काका. चुकीची माहिती म्हटलंय."

"आमच्यात त्याला खोटंच म्हनतात."

डॉक्टर सर मध्ये पडले. "आपण असं करू, संवादाचा अभाव लिहू."

"म्हंजे काय?"

"म्हणजे बोलणं झालं नाही."

"झालं की. बोलनं झालं म्हनून तर ती मेली."

औषधवाले सर खाली बघायला लागले. मॅडमचा आवाज चढला. त्या मला नाही, सरांना म्हणाल्या, "ही ओळ काढा, आणि मग काय उरतं ते वाचा. नर्सनं इंजेक्शन दिलं, पेशंट गेली. एवढंच उरतं. माझ्या मुलीनं विचारलं होतं! विचारल्याशिवाय द्यायचं नाही हे मीच शिकवलंय, आणि तिनं विचारलं. काका, तुम्हीच सांगा, विचारलं की नाही?"

"इचारलं."

"मग? ती पोरगी शिक्षण सोडून घरी बसलीय. दोनदा जाऊन आले मी. दारात येत नाही."

हे मला माहीत नव्हतं. माझा तिच्यावर राग नव्हता, कधीच नव्हता. पण ती ओळ मला सोडवेना. एकीकडे ती पोरगी, एकीकडे ही. कागदावर चूक लिहायची म्हणजे दोघींतल्या एकीच्या डोक्यावर ठेवायची, असं ते झालं होतं.

मी म्हटलं, मला बोलता येत नाही पण ऐका. आमच्याकडे वाटेनं जाताना बाई बाईला विचारते, जेवलीस का गो. ते काय खरं विचारणं नसतं. तुम्ही गुड मॉर्निंग म्हणता, त्यातलं ते. त्याला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर समोरचीनं ताट वाढायला पाहिजे, म्हणजे मागून खाल्ल्यासारखं होतं. आमची ही तर त्यात फार कडक. नवीन लग्न झालं तेव्हा आम्ही तिच्या मावशीकडे चालत गेलो. डोंगर उतरून पोटात कावळे. मावशीनं दारातच विचारलं, जेवलाव का? ही म्हणाली, जेवून आलोत. माझ्या वाटणीचंसुद्धा तिनंच सांगून टाकलं. मागनं माशाच्या कालवणाचा वास येतोय आणि मी काळा चहा पितोय. परतीच्या सबंध वाटेनं मी तिला शिव्या घातल्या.

फिजिओवाली हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. हसू दे, मी म्हटलं, हसण्यासारखंच आहे ते.

"पन मॅडम," मी म्हटलं, "दुसऱ्या कोनी इचारलं असतं, शहरातल्या मानसानं, की आजी, जेवण घेतलंत का, तर ती सरळ बोलली असती. नाय, मालक भाकरी आनायला गेल्यात. तुमच्या पोरीनं आमच्या बोलीत इचारलं. तिला वाटलं शेजारीन इचारत्येय. तिनं शेजारनीला उत्तर दिलं."

मॅडम हळू म्हणाल्या, "पेशंटशी त्यांच्या भाषेत बोला, हेही मीच शिकवते."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "इथल्याच नाते गावची सून आहे मी. लग्नानंतर पहिली वर्षं सासू दुपारी विचारायची आणि मी झालं म्हणायची. झालेलं नसायचं. ठाऊक होतं की मला हे. एवढी वर्षं ठाऊक होतं." त्यांनी पेन काढलं आणि माझ्या हातातला कागद घेतला. ती ओळ खोडली. आडवी रेघ मारली आणि वर पुन्हा मारली.

डॉक्टर सर म्हणाले, "मग चूक कुणाची, हा रकाना आहे खाली. तिथं काय लिहायचं?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "रिकामा ठेवा. चारही वर्गांची मुलं एकत्र बसतील ना? भांडू देत त्यांना तिथे."

"ती म्हणतील पेशंटच खोटं बोलला," औषधवाले म्हणाले.

"म्हणतील," मॅडम म्हणाल्या. "काका, म्हणतील हं मुलं तसं. मी तोंडं धरू शकत नाही."

मी मान हलवली. ते खरंच होतं. कागदावरनं खोडलं तरी पोरांच्या डोक्यात पहिलं तेच येणार.

मग खोडलेल्या जागी त्यांनी नवीन ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली. "जेवलीस का, असे विचारल्यावर आजी म्हणाल्या, 'जेवले बाय.'" फिजिओवालीनं विचारलं, 'बाय' ठेवायचं का. मॅडम म्हणाल्या, ठेवायचं.

मी कागद परत घेतला आणि बोट ठेवून वरपासून वाचला. डॉक्टर काय म्हणाले ते होतं, औषध किती ते होतं, कुणी काय बघितलं ते होतं. ती चाळीस वर्षांवर माझ्या घरात बोलत होती, सकाळी उठल्यापासून बोलायची, गुरांशी बोलायची, भांड्यांशी बोलायची. ह्या कागदात तिच्या तोंडचं एवढं एकच वाक्य होतं, आणि तेही खरं नव्हतं.

"कुठं करायची सही?" मी विचारलं. मॅडमनी जागा दाखवली.