सत्काराची शाल

काल नांदेडच्या दुकानात मेहुण्यासाठी शाल बघत होतो. दुकानदारानं घडी उलगडली, कोऱ्या कापडाचा वास आला आणि मी थेट आमच्या लातूरच्या कॉलेजात, प्राचार्यांच्या दालनात जाऊन बसलो.

विद्यार्थी परिषदेचा सचिव म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीला मी पहिल्यांदाच गेलो होतो. अभ्यासिका संध्याकाळी लवकर बंद करायचा ठराव येणार होता. तो हाणून पाडतो, असं रेणापूरच्या शिवकांताला मी छातीठोक सांगून आलो होतो. शेवटच्या एसटीपर्यंत ती तिथंच अभ्यास करायची; घरी तिला पुस्तक उघडायला मिळायचं नाही.

बैठक सुरू झाली ती माझ्याच सत्कारानं. शाल, नारळ, पेढा. उकाड्यात शाल काढावी की ठेवावी, याच विचारात चुळबुळत होतो, तोवर ठराव वाचून झाला.

"सूचक मिळाले. अनुमोदन कोण देतंय? आपले तरुण सचिव?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळे कौतुकानं वळले. मी ताडकन उठलो. "मी देतो, साहेब!"

टाळ्या पडल्या. ठराव मंजूर.

घाबरून तोंडातून गेलं, असं पुढं मी सगळ्यांना सांगत राहिलो. आता वाटतं, घाबरलो कुठला? त्या खोलीत मला लई बरं वाटत होतं.

अभ्यासिका लवकर बंद झाली त्या पहिल्याच संध्याकाळी शिवकांता बसस्टँडच्या बाकड्यावर पुस्तक घेऊन बसलेली दिसली. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"शिवकांता, पुढच्या बैठकीत बघ, मी—"

"सरक की बाजूला," ती मान वर न करता म्हणाली. "उजेड अडवून राहिलास."