कोळ्याचा पोर घसरत नाही

ही हकिकत मी तीस वर्षं टाळली. नातवंडांना बर्फातल्या पोस्टच्या गोष्टी सांगितल्या, नदीवरची कधीच नाही.

नेपरव्हिलला मुलाकडे राहतो. शुक्रवारी शिकागोत रोहिंग्या कुटुंबांच्या सेंटरवर ड्रायव्हिंगच्या परीक्षेची तयारी करून घेतो. तिथल्या नुरुलच्या बायकोच्या मुलाखती, तपासण्या, तिकीट, सगळं झालं होतं. मग इथल्या सरकारने निर्वासितांना घेणं थांबवलं. फ्लाइट कॅन्सल. ती बांगलादेशातल्या छावणीतच राहिली.

"चाचा, आप फौजी थे ना?" नुरुल म्हणाला. "सबको एक ही ऑर्डर सिखाते हैं क्या? वापस भेजो?"

तो हसला. मला हसता आलं नाही.

तीस वर्षांपूर्वी मी सुभेदार होतो. पोस्ट बांगलादेश सीमेवरच्या नदीच्या मुखाशी. गस्तीची बोट नाईक हरी तांडेल चालवायचा. रायगडचा कोळी. जवान म्हणायचे, पोस्ट सुभेदारसाहेबांची, पाणी तांडेलचं.

एका सकाळी रोहिंग्यांची होडी दिसली. इंजिन बंद, बायकामुलं भरलेली. मी रेडिओवर कळवलं. उत्तर आलं, "टो बॅक. नो लँडिंग. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो. दोर बांधला.

"साहेब, ओहोटी लागलीय, वारा समोरून आहे. ओढली तर उलटेल," तांडेल म्हणाला.

"हुकूम आहे. ओढ."

होडी उलटली. तांडेलने बूट काढले.

"थांब! कुठे निघालास?"

"शिव्या नंतर द्या, साहेब."

त्याने दोन मुली माझ्या हातात दिल्या. त्यांच्या आईसाठी पुन्हा बुडी मारली. दोघंही वर आली नाहीत. बाकीचे उलट्या होडीला धरून होते, त्यांना आम्ही वर घेतलं. पोस्टवर आणलं. त्या दिवशी त्यांना परत ढकलायला माझा एकही जवान तयार झाला नाही. मीही नाही. तांडेलने आमचा हुकूम बदलला होता. असा माणूस माझ्या हाताखाली होता, हे मी आजही ताठ मानेने सांगतो.

पण उडी मारली म्हटलं असतं, तर होडी कोणी ओढली हेही निघालं असतं. मी त्याच्या वडिलांना सांगितलं, पाय घसरला.

म्हाताऱ्याने विचारलं, "कोल्याचा पोर? होरीवरून घसरला?"

गावानेही तेच विचारलं असणार, वर्षानुवर्षं.

नुरुल बोलला त्या रात्री मी तांडेलच्या वडिलांना फोन लावला. आता ब्याण्णवचे आहेत. आवाज ओळखला.

"सायेब! अमेरिकेत म्हावरा गावतो का?"

"मासा मिळतो. बर्फातला."

"त्यो कसला म्हावरा!" ते खळखळून हसले. मग म्हणाले, "बोला ना, सायेब."

तुमचा हरी घसरला नव्हता, बाबा. त्याने उडी घेतली. खोटं मी बोललो, मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं.

"तब्येत सांभाळा," मी म्हणालो.