फोपसं वजन

गुणवंता माहा सख्खा लहान भाऊ. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत संत्र्याची अशी पारख करनारा दुसरा मानूस दाखवा, मिशा उतरवतो. झाडावरचं फळ अंगठ्यानं दाबायचा अन् व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगायचा, "हे फोपसं हाय बावा. वरून मोठं, आत साल सुटली. वजन देनार नाही."

चौऱ्याऐंशी साली त्याच्या मानेले कॅन्सरची गाठ आली. नागपूरच्या दवाखान्यात सलाईनमधून लाल औषध सुरू झालं. डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं होतं, "हे औषध गाठीच्या पेशी मारतं, पण हृदयाच्या पेशींनाही इजा करू शकतं. त्या मेल्या की नव्या येत नाहीत. दम लागला, पाय सुजले, तर लगेच या."

गुणवंतानं मुंडी हालवली. ध्यान सारं गाठीवर होतं. गाठ गेली की त्याच्या वजनाची संत्री जामसावळीच्या मारुतीले द्यायची, असा मायनं नवस केला होता.

केस गेले, मिशी गेली, दिवाळीपर्यंत गाठही गेली; लाल औषधाच्या दोन सलाईन तेवढ्या बाकी होत्या. अन् गुणवंता भरला. गाल वर आले, सदरा तंग झाला. विहिरीवरून बागेत जाता जाता मधात बसावं लागे, झोपाले उशीवर उशी लागे. तरी म्हने, "अंग वाढलं, मंग दम लागनारच."

त्याची बायको पुष्पा म्हने, "अवो, जेवता चिमनीएवढं. मंग अंगाले लागून राहिलं तरी काय?"

"तुले नवरा बारीकच पायजे काय वं?"

नवसाच्या दिवशी बागेतल्या निंबाले कापसाचा मोठा काटा टांगला. एका पारड्यात गुणवंता बसला, दुसऱ्यात संत्री. टोपल्यावर टोपलं ओतलं, त्याचं पारडं काही उचलेना. शेजारचा भिवाजी म्हने, "काबे, पुरी बाग नेतं काय मारुतीले?"

सारे हासले. गुणवंताही हासला. चप्पल रुतत होती म्हनून वाकला अन् पट्टा सोडला, तं पायावर खोल वळ. त्यानं नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा उचलला, खड्डा तसाच.

त्याचं हासू गेलं. "पुष्पे, थांब. संत्री टाकू नको."

"काऊन?"

"हे वजन फोपसं हाय. आत पानी हाय. डॉक्टरनं सांगितलं होतं."

"अन् नवस?" मायनं विचारलं.

"खऱ्या वजनाचा फेडू. मारुतीले फसवू काय?"

दुसरा कोनी असता तं पारड्यातच बसून मिरवला असता. हा आमचा भाऊ! तसाच उठला अन् पुष्पाले घेऊन मोटारीनं नागपूर गाठलं.

डॉक्टरनं छाती ऐकली, हृदयाच्या ठोक्यांची ईसीजी पट्टी काढली. "लाल औषध आजपासून बंद. हृदय कमजोर झालंय, म्हणून अंगात पाणी साचतंय. गेलेल्या पेशी परत येणार नाहीत, उरल्यात त्या जपू."

"अन् गाठ परतली तं?"

"गाठीला दुसरं औषध देता येईल. हृदय दुसरं कुठून आणू?"

लघवी व्हायचं इंजेक्शन घ्यायले गुणवंतानं हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं त्याले काट्यावर उभं केलं. वजन चांगलंच उतरलं होतं. त्यानं खाली उतरून नडगीवर अंगठा दाबून पाह्यला.

"अजून थोडं फोपसं हाय," पुष्पाले म्हने. मंग वरची उशी तिच्या हातात देली, एकाच उशीवर आडवा झाला अन् घोरू लागला.