करंजाडे ते पनवेल, सहा वर्षं

लोक हिमालयात जाऊन येतात आणि लिहितात. राहुरीच्या माझ्या माणसांसाठी मी जो प्रवास लिहितो आहे तो करंजाडे ते पनवेल एवढाच आहे. अंतर जेमतेम चार किलोमीटर. मला ते कापायला सहा वर्षं लागली.

न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कंपनीत नोकरी लागली तेव्हा आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर होतो. आई मिशनच्या दवाखान्यात आया. राहुरीहून निघताना आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दाखला (एका मंडळीने आपला सभासद दुसऱ्या मंडळीकडे सोपवल्याचं पत्र) पाकिटात घालून दिला. म्हणाले, "पहिल्याच रविवारी पनवेलच्या मराठी मंडळीत नेऊन दे."

करंजाड्याला खोली घेतली. पहिल्या रविवारी बंदरात जहाज लागलं होतं, कामावर जावं लागलं. दुसऱ्या रविवारी मी झोपलो. महिन्याभरात पत्रावरची तारीख जुनी वाटायला लागली आणि वर्षाने तर ते घेऊन जायची लाजच वाटू लागली. मग जेवणाआधीची प्रार्थनाही सुटली. देवाशी भांडण झालं नव्हतं, नुसतं बोलणं बंद पडलं होतं. आई फोनवर विचारायची, "पत्र दिलंस का रे?" मी म्हणायचो, "दिलं." वर्षभरानंतर तिने विचारणं सोडलं.

परवा खोली बदलताना पदवीच्या फाइलमध्ये ते पाकीट सापडलं. वर पाळकसाहेबांचं ठसठशीत अक्षर. ते तीन वर्षांपूर्वी वारले आणि त्यांच्या मातीला मी गेलो नव्हतो. पाकीट परत फाइलमध्ये ठेवलं नाही. रविवारी सकाळी धुतलेला शर्ट घालून निघालो.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. चालक इथलाच, आगरी.

"चर्चला? कंच्या?"

"मराठी."

"मराठीवाला हाय, मल्याळीवाला हाय, इंग्रजीवाला हाय. तुमी नवीन का?"

"सहा वर्षं झाली."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नि ठाव नाय?" मग तोच हसला. "बसा, सोरतो."

गाढी नदीच्या पुलावर आलो तेव्हा दूर कर्नाळ्याचा सुळका दिसला, कुणी अंगठा वर करून दाखवावा तसा. या पुलावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण कायम फोनमध्ये डोकं घालून.

रिक्षावाल्याने मला मोठ्या विश्वासाने मल्याळी चर्चपाशी उतरवलं. आत जाऊन बसलो. शेजारच्या बाईंनी गीतांचं पुस्तक माझ्या हातात दिलं. एक अक्षर कळेना. दोन गीतं झाल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "बेटा, मराठी पिछली गली में है. स्कूल का हॉल. जल्दी जाओ." मी उलटं पुस्तक धरलं होतं हे मला बाहेर आल्यावर उमगलं.

शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि द्राक्षरसाच्या इवल्या प्याल्या. म्हणजे आज प्रभुभोजन होतं. सहा वर्षांत मी ते घेतलं नव्हतं. दाराशी गीतपुस्तकं वाटणाऱ्या काकांच्या (सायमनकाका, नाव नंतर कळलं) हातात पाकीट दिलं आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसलो.

दाखला मंडळीपुढे वाचून दाखवतात, तेवढा वेळ आणणाऱ्याने उभं राहायचं असतं. हे मी विसरलोच होतो; उभा राहिलो. सायमनकाकांनी चष्मा लावला, तारीख वाचली आणि थांबले.

"सहा वर्षं? उरण रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होतास काय रे?"

हॉलभर हसू फुटलं. मीही हसलो. काकांनी पुढे वाचलं, "सदर बंधू विश्वासात स्थिर असून प्रभुभोजनास पात्र आहे..."

"काका, ते आता खरं नाही," मी म्हणालो. "इतकी वर्षं मी कुठल्याच मंडळीत गेलो नाही. आईला मात्र पत्र दिलं म्हणून सांगितलं. मला परत यायचंय."

इथले पाळकसाहेब माझ्याच वयाचे. त्यांनी पत्र हातात घेतलं, आमच्या पाळकसाहेबांची सही पाहिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "यांना सामील करून घ्यायला मंडळीची काही हरकत?"

"आहे," पुढच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली. त्या रूथमावशी. "तो मागे का राहिलाय? पुढे ये म्हणावं."

मी पुढे गेलो. भाकरीचा तुकडा तळहातावर आला तेव्हा लहानपणी आई असा तुकडा घेऊन डोळे मिटायची ते आठवलं. मला माझे डोळे उघडता येईनात.

उपासना सुटल्यावर रूथमावशींनी घरी नेलं. तांदळाची भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी). मी बाजरीवर वाढलेला. भाकरी इतकी मऊ की चार कधी संपल्या कळलं नाही. "सहा वर्षांचा उपाशी दिसतोय," मावशी म्हणाल्या आणि पाचवी वाढली.

तिथेच सायमनकाकांनी पत्राचा खालचा भाग फाडून सही केली. "ही पोच. ज्या मंडळीने पत्र दिलं तिला परत पाठवायची असते. माहीत नव्हतं?"

नव्हतं.

संध्याकाळी चालतच परत निघालो. पुलावर थांबून आईला फोन लावला.

"आई, पत्र दिलं."

"आज?"

"आज."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मला ठाऊक होतं रे. पोच आली नव्हती. दर महिन्याला पाळकसाहेबांकडे जाऊन विचारायचे. ते गेले, मग नव्यांना विचारलं."

"मग मला विचारायचं का सोडलंस?"

"विचारलं की तू खोटं बोलायचास. म्हणून मग तुझ्याऐवजी देवालाच विचारत राहिले." मग म्हणाली, "पोच पोस्टाने नको पाठवू. नाताळला हातानं आण. मंडळीपुढे वाचू दे."

खाली गाढी शांत होती. माझी वाट मी विसरलो होतो, पण माझी वाट बघणं कुणी सोडलं नव्हतं; राहुरीत आईने नाही आणि ज्याच्याशी मी बोलणं टाकलं होतं त्यानेही नाही.

खोलीवर येऊन डब्यातला भात ताटात घेतला आणि हात जोडले. काय बोलायचं ते सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, "प्रभू, आलो." आणि जेवायला बसलो.