पाहणी न झालेले मैदान

मार्च १९९९ : पहिली पाहणी. जबाबदार, अनुदान देणाऱ्या कार्यालयाचा पाहणी अधिकारी.
एप्रिल १९९९ : पहिला नकार. जबाबदार, त्या कार्यालयाचे प्रमुख. अहवालाखाली सही करण्यापूर्वी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.
जून १९९९ : हमीपत्र. जबाबदार, मी आणि माझे गाव. आम्ही ते लिहून दिले आणि पाळलेही.
मार्च २००० : दुसरी पाहणी, जी झालीच नाही. जबाबदार, पहिले दोघेही.
जून २००० : दुसरा नकार. जबाबदार, पुन्हा तेच दोघे.

नावे देत नाही. माणसे बदलून गेली, काही निवृत्त झाली. पद मात्र होते तिथेच आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारी पदाची असते, असे मी दिवाणी न्यायालयातल्या कारकुनीत आयुष्यभर ऐकत आलो. हा मजकूर मी प्रथम पत्र म्हणूनच लिहायला घेतला होता. पण पत्रांचा आता मलाच कंटाळा आला आहे. मायना लिहिला की पुढे काय येणार आणि महिन्याभराने काय उत्तर मिळणार, हे दोन्ही मला पाठ झाले आहे. म्हणून घडले तसे सांगतो.

माझे घर नाशिकला गंगापूर रोडला असले तरी शनिवार-रविवार मी गावी असे. गाव दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्यालगत. तिथे नव्वदीच्या दशकात शाळेतल्या एका बाईंनी मुलींचा खो-खोचा संघ उभा केला. गावच्या मोकळ्या मुरमाड जागेत दोन खांब रोवले, चुन्याच्या रेघा आखल्या आणि संध्याकाळी मुली पळू लागल्या. बाई स्वतः साडीचा पदर खोचून मधल्या रेषेत बसत आणि मुलींना उठवत. पुढे मंडळ नोंदवायचे ठरले तेव्हा कागद लिहिणारा म्हणून मला कार्यवाह केले. गावातली माणसे मला ‘वकीलसाहेब’ म्हणत. त्यात आदर थोडा आणि चेष्टा अधिक होती.

मैदान अगदी रस्त्याला लागून होते, आणि हीच अडचण होती. खेळ सुरू झाला की जीप थांबत, ट्रॅक्टर थांबत, मोटारसायकलवरची पोरे शिट्ट्या मारत. मुलींच्या घरी कुरकुर सुरू झाली. संघाची कर्णधार ही एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी. चपळ अशी की खांबाला वळसा घालून ती कोणत्या बाजूला निघेल याचा अंदाज पाठलाग करणाऱ्या मुलीला शेवटपर्यंत येत नसे. तिच्या वडिलांनी एक दिवस बाईंना सांगितले, “दहावीपर्यंत खेळू द्या. पुढं रस्त्याच्या बाजूनं भिंत झाली तरच. नाय तं नाय.” बाकीचे बाप त्यांच्याकडे बघूनच निर्णय घेत. म्हणजे संघ टिकणार की मोडणार, हे एका भिंतीवर येऊन ठेपले. मैदानाच्या विकासासाठी सरकारी अनुदान मिळते हे मला ठाऊक होते. मी अर्ज केला.

अर्जानंतर पाहणी होते. पाहणी कधी, तर निधी आल्यावर. निधी कधी, तर वर्ष संपता संपता, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा मार्च संपता संपताच आली होती. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेली माणसे आमच्या गावात एक मुक्काम करतात, आणि मुक्काम त्याच मोकळ्या जागेत. मैदान नव्हते तेव्हापासूनची ही रीत. गावाने त्यांना पाणी द्यायचे, भाकरी द्यायची, मुलींनी त्या दिवसांत खेळ बंद ठेवायचा. यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मलाही वाटले नव्हते.

अधिकारी आला तो नेमका त्याच दिवशी. मी गावीच होतो. खो-खोच्या दोन खांबांना दोरी बांधून बायकांनी ओली लुगडी वाळत घातली होती. रेषा पुसल्या गेल्या होत्या. चुलींवर पिठले शिजत होते. अधिकारी जीपमधून उतरला, रुमालाने मान पुसली आणि विचारले, “मैदान कुठाय?”

“आपण उभे आहात ते,” मी म्हणालो.

एका यात्रेकरू बाईने त्याला आमच्याच मंडळातला समजून पाण्याचा तांब्या पुढे केला. “दादा, बसा की. दोन घास खाऊन जा.”

तो बसला नाही. खांबांकडे बोट करून म्हणाला, “हे कपड्यांसाठी का?”

मी नियम सांगितला, नोंदणी सांगितली, पौर्णिमा झाली की परत या असे सांगितले. “पौर्णिमेनंतर एप्रिल लागतो, काका,” तो म्हणाला आणि निघून गेला. अहवालात त्याने लिहिले की जागेवर मैदान दिसून आले नाही. जागा यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी वापरात आहे. त्याने डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले, हे मी आजही मान्य करतो. नकार आला. सोबत अट आली : जागा केवळ खेळासाठीच वापरली जाईल, असे हमीपत्र दिल्यास पुढील वर्षी विचार होईल.

त्या हमीपत्रासाठी शाळेच्या ओट्यावर बैठक भरली. मी अट वाचून दाखवताच मागून एक म्हातारा बोलला, “मंजे आईच्या मान्सांना हाकलायचं? ओ वकीलसाहेब, गडावरची आई काय तुमच्या कोर्टात हजर व्हायची नाय!”

सगळे हसले. मी हसलो नाही. बाई उठून म्हणाल्या, “हमीपत्र द्यायचं नसेल तर नका देऊ. पण मग मुलींना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

यावर कुणी हसले नाही. मग कर्णधार मुलीचे वडील, जे बैठकीत सहसा तोंड उघडत नसत, म्हणाले, “बागंच्या कडंला माझी टमाट्याची पट्टी हे. यंदा लावत नाय. मुक्काम तिथं करा. पानी माझ्या विहिरीचं.”

“आणि दरवर्षी?” म्हाताऱ्याने विचारले.

“दरवर्षी. पन मंग भिंत झाली पायजे.”

टोमॅटोचे पीक सोडणे म्हणजे काय, हे त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होते. मी तिथेच हमीपत्र लिहिले. त्या नवरात्रात पायी निघालेल्या माणसांना गावच्या वेशीवरच थांबवून पट्टीकडे नेले गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची जागा बदलली, तरी एकाही यात्रेकरूने तक्रार केली नाही. सरकारी कार्यालयाला जे जमले नाही ते पायी चालणाऱ्या माणसांना जमले.

पुढच्या वर्षीचा मार्च आम्ही मैदानावर काढला, असे म्हटले तरी चालेल. मधल्या अधिक महिन्यामुळे चैत्र एप्रिलात सरकला होता, म्हणजे यात्रेचाही प्रश्न नव्हता. मुलींनी खडे वेचले, पाणी मारले, रोज नव्याने रेषा आखल्या. कर्णधार मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. पेपर देऊन आली की ती मैदानावर येऊन विचारायची, “आले का साहेब?” बाई म्हणायच्या, “तू इतिहास वाच.” रस्त्यावर पांढरी जीप दिसली की सगळ्या मुली आपोआप रांगेत उभ्या राहत. एकदा एक जीप खरोखर थांबली. आतला माणूस औषध फवारणीच्या पंपाचा विक्रेता निघाला. मुली इतक्या हसल्या की तो बिचारा बावरून गाडी वळवून निघून गेला.

मार्च संपला. जूनमध्ये नकार आला. जुन्याच कारणासाठी, जवळपास जुन्याच शब्दांत.

मी नाशिकच्या त्या कार्यालयात गेलो. समोरच्या कारकुनाला विचारले, “साहेब पाहणीला आले कधी? आम्ही महिनाभर वाट पाहत होतो.”

त्याने काहीही लपवले नाही. हे मला आजही अधिक लागते. “काका, साहेब गेलेच नाहीत. शेवटच्या आठवड्यात किती गावं फिरणार माणूस? मागचाच अहवाल लावला. जागा तीच आहे ना?”

“जागा तीच. चुली हलवल्या. हमीपत्र दिले आहे आम्ही.”

“ते आहे की फाइलला.” आणि मग अगदी आपुलकीने, “चहा सांगू? उन्हातनं आलात.”

मी वरिष्ठांकडे दाद मागितली. वरिष्ठांनी माझा अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ त्याच कार्यालयाकडे धाडला. त्या कार्यालयाने मला कळवले की आपला अर्ज प्राप्त झाला. ही फेरी पुढे अनेकदा झाली. माहितीचा अधिकार आला तेव्हा मला वाटले की आता तरी दार उघडेल. त्या मार्चमध्ये अधिकाऱ्याची जीप कुठे कुठे गेली, एवढेच मी मागितले. उत्तर आले की मुदत संपल्याने ती नोंदवही नष्ट करण्यात आली आहे. नियमानुसार. नियम मी तपासला. तो तसाच आहे. नियमाशी भांडायला मला शिकवलेले नाही, आणि आता शिकण्याचे वय राहिलेले नाही.

दुसऱ्या नकारानंतर कार्यालयात जाऊन आलो, त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी त्या बागायतदाराच्या घरी गेलो होतो. त्यांनी कागद वाचायला घेतला नाही. “मी माझं दिलं, नाना,” एवढेच बोलले आणि बागेकडे निघून गेले. मुलगी चहा घेऊन आली. दहावीचा निकाल लागला होता, ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. पेढाही बशीत होता. तिने विचारले, “साहेब आले असते तर मंजूर झालं असतं का, काका?”

“झाले असते.”

“मग का नाय आले? तुम्ही विचारलं का त्यांना?”

मी विचारले होते. सांगितले असते, तर त्या कारकुनाचे उत्तर तिला सांगावे लागले असते. मी पेढा खाल्ला आणि उठलो.

ती पुन्हा खेळली नाही. बाकीचे बाप तिच्या वडिलांकडे पाहतच होते, त्यामुळे दिवाळीपर्यंत मुली निम्म्याही उरल्या नाहीत आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंनी बदली मागून घेतली. ती टोमॅटोची पट्टी मात्र त्या गृहस्थाने आजतागायत यात्रेकरूंसाठी मोकळी ठेवली आहे. शब्द दिला होता, म्हणून. मैदानावर आता गवत आहे आणि गाढवे चरतात.

अनुदान मला नको आहे. ज्यांच्यासाठी हवे होते त्या मुली आज संसारात आहेत. माझी मागणी एकच आहे. ज्या पदाने दुसऱ्या पाहणीचा अहवाल सादर केला, त्या पदावर आज जो कोणी असेल त्याने आमच्या ग्रामसभेत यावे, त्या मुलीच्या वडिलांसमोर उभे राहावे आणि मार्च २००० मध्ये मैदान पाहायला कुणीही का आले नाही, ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही.