डोळे नसलेला शिंपला

चामोर्शीच्या आठवडी बाजारात आम्ही विज्ञान-प्रचार करणाऱ्या पोरापोरींनी उत्क्रांतीची पोस्टरं लावली होती. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी विशीतली, पत्रकं लिहून जिभेला धार आलेली. एका निवृत्त गुरुजींनी गर्दीदेखत विचारलं, "अर्धा डोळा काय कामाचा, बाई? डोळा पूर्णच दिला देवानं." लोक हसले. "पुढच्या बाजारी सांगते," म्हणाले खरी. पण उत्तर मिळालं नाही, तर तिथं परत कुठल्या तोंडानं उभी राहणार होते?

मी उतरले होते त्या घरच्या मावशी तळ्यात मासे धरायच्या. दुसऱ्या सकाळी त्यांच्यासोबत शिंपले वेचायला गेले. उथळ पाण्यात ते फट उघडून बसलेले. मी ऊन पाठीवर घेऊन निघाले, तर पुढचे सगळे पटापट मिटले.

"काऊन वं, पोस्टरवाली! उन्हाकडं तोंड करून चाल. सावली पडली का मिटते थे."

"पण त्याले डोळे कुठी आहेत, मावशी?"

"नाई ना. तरी उजेड कमी झाला हे समजते त्याले. तुले नाई समजत."

मग वेचणं राहिलंच. पाण्याला न शिवता नुसता हात वरून न्यायचा आणि बघायचं. आमच्याच पत्रकात मी ठोकून दिलं होतं, 'आधी डोळा, मग उजेडाची जाण.' कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही!

एसटीनं ब्रह्मपुरीचं कॉलेज गाठलं. प्राणिशास्त्राच्या सरांनी पुस्तक काढून दिलं. उजेड टिपणारी प्रथिनं डोळ्यांहून जुनी आहेत. शिंपल्याच्या कातडीतली, जेलीफिशमधली, आपल्या डोळ्यातली, सगळी एकाच कुळातली. डोळा त्यांच्याभोवती नंतर, थोडा थोडा करत घडला.

पुढच्या बाजारी मावशींनी घमेल्यात पाणी भरून शिंपला आणला. तो उघडल्यावर गुरुजींनी स्वतः छत्री धरली. मिटला. परत धरली, परत मिटला. तिसऱ्यांदा ढिम्म.

"आता काऊन नाई?"

"कंटाळलं थे, गुरुजी. तुमच्या छत्रीले किती भ्यावं त्यानं?" मावशी म्हणाल्या.

बाजार हसला, गुरुजीही. "डोळा नाही, पण कातडीत उजेड टिपणारं प्रथिन आहे. तेवढ्यावरही सावली ओळखून जीव वाचवतो तो," मी सांगितलं.

"बरं. अर्ध्या डोळ्याचं समजलं. पण हे प्रथिन कुठून आलं?"

"आधी ते बहुतेक रसायनं ओळखायचं. मग जीवनसत्त्व 'अ'पासून बनलेला एक कण त्यात अडकला. उजेड पडला की तो वाकडा कण सरळ होतो. हे पहिल्यांदा कोणत्या जीवात झालं, ते माहीत नाही."

"तुले नाई, का कोणालेच नाई?"

"कोणालेच नाई."

गुरुजींनी छत्री मिटली, आमचं स्टूल ओढून घेतलं आणि बसले. "तो कण सरळ होते कसा, थे पयले सांग."